स्कूपसाठी स्वतःचं पॅकेज: जेसन दहा ओळींची, डोकेदुखी सेटिंगची

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफिसात तीसेक विंडोज मशीन, कोणाकडेच ॲडमिन राइट्स नाहीत, आयटीच्या परवानगीने स्कूप (ॲडमिन राइट्सशिवाय प्रोग्राम टाकायचं आणि अपडेट करायचं टूल) वापरतात. ऑफिसातच बनवलेलं रिपोर्ट काढायचं एक टूल झिपमध्ये मिळतं, त्याचं पॅकेज (म्हणजे प्रोग्राम कुठून आणायचा, कसा टाकायचा हे स्कूपला सांगणारी जेसन साच्यातली टेक्स्ट फाइल) बनवून सगळीकडे टाकलं, इन्स्टॉल मस्त झालं, पण नवीन व्हर्जन आल्यावर अपडेट मारलं आणि सगळ्यांच्या सेटिंग उडाल्या. आता विचारलंय की पॅकेज नीट कसं करायचं आणि तीस ठिकाणी फाइल हाताने फिरवायला लागू नये म्हणून काय करता येईल.

सगळ्यात आधी, कोणीही क्लीनअप कमांड (जुनी व्हर्जनं पुसणारी) मारू नका. सेटिंग उडालेल्या नाहीत, जुन्या घरात राहिल्यात. मी हे सात-आठ वर्षं करतोय आणि पहिल्या पॅकेजला माझंही अगदी हेच झालं होतं, त्यामुळे हसत नाहीये.

स्कूप ठेवतं कसं ते आधी बघा. यूजरच्या स्वतःच्या फोल्डरात स्कूप नावाचं फोल्डर, त्यात ॲप्स, बकेट्स, कॅश, पर्सिस्ट, शिम्स अशी फोल्डरं. ॲप्समध्ये तुमच्या टूलच्या नावाचं फोल्डर आणि त्यात प्रत्येक व्हर्जनचं वेगळं फोल्डर, म्हणजे १.४ चं एक, १.५ चं एक. शिवाय करंट नावाचं एक असतं, ते खरं फोल्डर नाही, जंक्शन आहे, सध्याच्या व्हर्जनकडे बोट दाखवणारं. अपडेट झालं की हे बोट १.४ वरून उचलून १.५ वर ठेवतात, बास. तुमचं टूल सेटिंगची फाइल स्वतःच्या एक्सईच्या शेजारी लिहीत असणार, म्हणजे ती १.४ च्या फोल्डरात पडून आहे, आणि १.५ कोरं करकरीत उघडलं. क्लीनअप मारलं की मात्र १.४ चं फोल्डर जातं आणि मग खरंच रडायची वेळ येते.

यावर उपाय म्हणजे पर्सिस्ट. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे त्या जेसन फाइलीत, पर्सिस्ट या कीखाली फाइल किंवा फोल्डरचं नाव लिहिलं की स्कूप ती वस्तू व्हर्जनच्या फोल्डरातून उचलून वेगळ्या पर्सिस्ट फोल्डरात नेऊन ठेवतं आणि मूळ जागी लिंक सोडतं. फोल्डर असेल तर जंक्शन, फाइल असेल तर हार्ड लिंक, म्हणजे एकाच फाइलीला दोन ठिकाणी दिलेली दोन नावं. टूलला वाटतं फाइल शेजारीच आहे, प्रत्यक्षात ती सुरक्षित ठिकाणी असते. भाड्याची खोली बदलली तरी ट्रंक गावी आईकडेच, तसलं.

आत्ताची सुटका अशी करा: प्रत्येक मशीनवर १.४ च्या फोल्डरातली सेटिंगची फाइल कॉपी करून पर्सिस्टमध्ये टूलच्या नावाच्या फोल्डरात टाका (फोल्डर नसेल तर बनवा, नाव हुबेहूब तेच पाहिजे), मग पर्सिस्ट घातलेलं मॅनिफेस्ट १.५.१ म्हणून सोडा, झिप तीच असली तरी चालेल, फक्त व्हर्जनचा आकडा बदलला पाहिजे म्हणजे अपडेट उचललं जातं. पर्सिस्टमध्ये आधीच फाइल असेल तर स्कूप तीच वापरतं, आणि झिपमधून त्याच नावाची फाइल आली असली तर तिच्या नावाला ओरिजिनल असं शेपूट लावून बाजूला ठेवतं. तीस मशीनसाठी पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या कमांड लिहायच्या भाषेत) चार ओळींची स्क्रिप्ट पुरेल. फक्त १.५ आल्यापासून कोणी नव्याने सेटिंग करून घेतल्या असतील तर त्यांना विचारून मग कॉपी करा, नाहीतर दुसऱ्यांदा शिव्या खाल.

एक सांगायचं राहिलं, कीची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, फाइलीत ती इंग्रजीत आणि छोट्या लिपीत असतात, दोन शब्द असतील तर मध्ये अंडरस्कोर. चेकव्हर, ऑटोअपडेट आणि इनोसेटअप हे मात्र सलग एकच शब्द, त्यात अंडरस्कोर टाकला तर स्कूप तक्रार न करता गुपचूप दुर्लक्ष करतं, हे मला एका संध्याकाळच्या बदल्यात कळलंय.

आता पर्सिस्टच्या खोड्या, कारण सगळे नवखे इथेच आपटतात.

पहिली खोडी. तुम्ही पर्सिस्टमध्ये सेटिंग्ज.आयएनआय असं लिहिलंत, पण झिपमध्ये ती फाइलच नाही, टूल पहिल्यांदा चालल्यावर ती बनवतं. इन्स्टॉलच्या वेळी स्कूपला ना ती फाइल झिपमध्ये सापडते ना पर्सिस्टमध्ये, मग ते काय करतं तर त्या नावाचं फोल्डर बनवतं. हो, सेटिंग्ज.आयएनआय नावाचं फोल्डर. मग टूल त्यावर लिहायला जातं आणि 'ॲक्सेस डिनाइड' म्हणून बोंबलतं, आणि तुम्ही अँटिव्हायरसला दोष देत बसता. उपाय असा की प्री इन्स्टॉल या कीमध्ये दोन ओळींची पॉवरशेल लिहायची, पर्सिस्टमध्ये फाइल नसेल तर टूलच्या फोल्डरात रिकामी फाइल बनव. प्री इन्स्टॉलच का, तर क्रम असा असतो: डाउनलोड, झिप उघडणं, मग प्री इन्स्टॉल, मग करंटची लिंक, शिम (तो काय ते खाली येतंय), शॉर्टकट, त्यानंतर पर्सिस्ट आणि सगळ्यात शेवटी पोस्ट इन्स्टॉल. पोस्ट इन्स्टॉलमध्ये फाइल बनवायला गेलात तर वरात निघून गेलेली असते. आणि काही प्रोग्राम रिकामी फाइल बघून गडबडतात, एक्सएमएल वाचणारे तर हमखास, त्यांना रिकाम्या फाइलीऐवजी निदान सगळ्यात बाहेरचा (रूट) टॅग असलेला सांगाडा द्या.

दुसरी खोडी जास्त बेरकी आहे. बरेच प्रोग्राम सेटिंग सेव्ह करताना आहे त्या फाइलीत लिहीत नाहीत, आधी तात्पुरती फाइल लिहितात, मग जुनी उडवतात आणि नवीला जुनीचं नाव देतात. हे त्यांच्या बाजूने बरोबरच आहे, मध्येच लाइट गेली तर फाइल अर्धवट राहत नाही. पण जुनी फाइल उडवली की हार्ड लिंक तुटते. दिसायला सगळं ठीक, टूलही चालतंय, पण पर्सिस्टमधली फाइल पहिल्या दिवशीचीच राहते आणि सहा महिन्यांनी अपडेट झालं की सहा महिन्यांपूर्वीच्या सेटिंग परत येतात. लोक म्हणतात भुताटकी आहे. फोल्डरच्या जंक्शनला हा त्रास नाही, म्हणून माझा नियम, शक्य असेल तिथे फाइल पर्सिस्ट करायचीच नाही, फोल्डर करायचं. तुमचं टूल तुमच्याच लोकांनी लिहिलंय ना, मग त्यांना सांगा की सेटिंग एक्सईशेजारी न ठेवता डेटा नावाच्या सबफोल्डरात ठेवा, त्यांचं अर्ध्या तासाचं काम आहे आणि तुमचा कायमचा ताप मिटतो. व्हीएस कोडची झिप अशीच चालते, शेजारी डेटा नावाचं फोल्डर असलं की सेटिंग आणि एक्स्टेन्शन सगळं त्यात, त्यामुळे त्याच्या पॅकेजात ते फोल्डर पर्सिस्ट केलं की विषय संपला.

टूल दुसऱ्याचं असेल आणि बदलता येत नसेल तर मग प्री अनइन्स्टॉलमध्ये फाइल पर्सिस्टमध्ये कॉपी करायची आणि प्री इन्स्टॉलमध्ये तिथून परत आणायची, पर्सिस्ट की वापरायचीच नाही. यात एक बारीक गोष्ट आहे: जुनं व्हर्जन काढताना स्कूप बकेटमधलं (बकेट म्हणजे मॅनिफेस्टचा साठा) नवं मॅनिफेस्ट वाचत नाही, इन्स्टॉल झालेल्या व्हर्जनच्या फोल्डरात मॅनिफेस्टची जी प्रत ठेवलेली असते ती वाचतं. म्हणजे आज तुम्ही प्री अनइन्स्टॉल घातलंत तर ते आजच्या अपडेटला चालणार नाही, पुढच्या अपडेटपासून चालेल. हे माहीत नसलं की माणूस आपल्याच स्क्रिप्टवर तासन्‌तास संशय घेत बसतो.

म्हणून मी कुठलंही पॅकेज करताना जेसन सगळ्यात शेवटी लिहितो. आधी प्रोग्रामवर पाळत ठेवतो, तो लिहितो कुठे. सोपी पद्धत, झिप एखाद्या मोकळ्या फोल्डरात उघडा, प्रोग्राम चालवा, दोन-चार सेटिंग बदला, एखादी विंडो हलवा, बंद करा, मग फोल्डर बदलल्याच्या तारखेनुसार लावून बघा काय काय नवीन झालं. तिथे काहीच नसेल तर ॲपडेटा (यूजरच्या फोल्डरात प्रोग्रामांच्या सेटिंगसाठी असलेलं फोल्डर) उघडून त्यातल्या रोमिंग आणि लोकल दोन्हीकडे बघा. तरी पत्ता लागला नाही तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं प्रोसेस मॉनिटर लावा, प्रोसेसच्या नावाने फिल्टर टाका आणि फक्त फाइलीत लिहिणं आणि रेजिस्ट्रीत (विंडोजच्या स्वतःच्या सेटिंगच्या कोठारात) व्हॅल्यू टाकणं एवढंच ठेवा, नाहीतर मिनिटभरात लाखभर ओळी येतात आणि डोळे फिरतात. जो ॲपडेटामध्ये लिहितो त्याचं एका अर्थाने बरंय, व्हर्जन बदललं तरी सेटिंग राहतात, पर्सिस्टची भानगडच नको. जो रेजिस्ट्रीत लिहितो तोही तसाच. फक्त असे प्रोग्राम 'पोर्टेबल' नाहीत, अनइन्स्टॉल केल्यावर कचरा मागे राहतो, ऑफिसात चालून जातं.

काही प्रोग्रामना आपण पोर्टेबल आहोत हे सांगावं लागतं. नोटपॅड प्लस प्लसच्या शेजारी डूलोकलकॉन्फ.एक्सएमएल ही फाइल असली की ते ॲपडेटाकडे न जाता स्वतःच्या फोल्डरात सेटिंग ठेवतं, रिकामी असली तरी चालते. फायरफॉक्सला शॉर्टकटमध्ये प्रोफाइलचा पत्ता आर्ग्युमेंट म्हणून देता येतो. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, रीडमी वाचायला कंटाळू नका.

आता मॅनिफेस्ट. व्हर्जन, डिस्क्रिप्शन, होमपेज, लायसन्स, युआरएल, हॅश, बिन आणि तुमच्या बाबतीत पर्सिस्ट आणि शॉर्टकट्स, एवढ्यात ऑफिसचं टूल बसतं. युआरएल म्हणजे झिपचा पत्ता, ऑफिसच्या लॅनवर एखाद्या मशीनवर साधा वेब सर्व्हर लावून तिथे झिप ठेवली तरी पुरतं. झिप उघडल्यावर आत आणखी एक फोल्डर असतं बऱ्याचदा, टूलचं नाव आणि व्हर्जन असलेलं, त्याचं नाव एक्स्ट्रॅक्ट डिर मध्ये द्या म्हणजे आतला माल वर येतो. ३२ आणि ६४ बिटच्या झिप वेगळ्या असतील तर आर्किटेक्चर नावाखाली वेगवेगळे पत्ते, नसतील तर त्या वाटेला जाऊ नका.

हॅश म्हणजे फाइलीचा बोटाचा ठसा, फाइल जराही बदलली की तो बदलतो. तो बाय डिफॉल्ट एसएचए २५६ धरतात, दुसरा प्रकार असेल तर त्याचं नाव आणि कोलन आधी लावायचं. पॉवरशेलच्या गेट फाइलहॅश कमांडने मिळतो. कोणीतरी सांगेल की हॅश जुळत नसेल तर इन्स्टॉल करताना तो चेक वगळायचा पर्याय आहे, तो वापरा. नका वापरू. एकदा एका छोट्या विक्रेत्याने व्हर्जनचा आकडा न बदलता त्याच पत्त्यावरची झिप गुपचूप बदलली होती, आमच्याकडे अर्ध्या मशीनवर एक माल आणि अर्ध्यांवर दुसरा, आणि दोन्ही म्हणतायत आम्ही ३.२. हॅशने उरलेली मशीन अडवली म्हणून कळलं तरी, नाहीतर कुणाच्या ॲपमध्ये बग आहे आणि कुणाच्या नाही यावर आठवडाभर भांडत बसलो असतो.

बिन म्हणजे कुठल्या एक्सईचा शिम करायचा ते. शिम हा छोटासा एक्सई असतो, शिम्स फोल्डरात राहतो, आणि पाथमध्ये (कमांड कुठे शोधायची त्या विंडोजच्या यादीत) फक्त ते एकच फोल्डर असतं. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन समजा, येणाऱ्याने नाव सांगायचं, तो बरोबर फ्लॅट दाखवतो, भाडेकरू बदलला तरी गेट तेच. यातली गोची अशी की शिममधून चाललेला प्रोग्राम तुम्ही ज्या फोल्डरात उभे होतात तेच आपलं चालू फोल्डर समजतो. तुमच्या टूलच्या कोडमध्ये कोणी सेटिंगची फाइल नुसत्या नावाने उघडली असेल, एक्सईचा पत्ता काढून त्याच्या शेजारी शोधली नसेल, तर स्टार्ट मेन्यूच्या शॉर्टकटवरून टूल नीट चालेल (शॉर्टकटमध्ये चालू फोल्डर एक्सईचंच दिलेलं असतं) आणि टर्मिनलवरून चालवलं की 'फाइल सापडत नाही'. असली तक्रार आली की पॅकेजला हात लावू नका, कोडवाल्याला फोन करा.

शॉर्टकट्स ही जोड्यांची यादी असते, एक्सईचं नाव आणि मेन्यूत दिसायचं नाव, पाहिजे तर आर्ग्युमेंट आणि आयकॉन. ते करंटमधून जातात म्हणून अपडेटनंतर मोडत नाहीत. पण प्रोग्रामने स्वतः राइट क्लिकच्या मेन्यूत वगैरे काही टाकलं असेल आणि तिथे व्हर्जनच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहिला असेल, तर क्लीनअपनंतर ते मेलं. ते आपणच पोस्ट इन्स्टॉलमध्ये करंटचा पत्ता घालून लिहायचं.

जेसनबद्दल फार बोलत नाही. बॅकस्लॅश दोनदा लिहायचा, शेवटच्या ओळीनंतर स्वल्पविराम नको, फाइल यूटीएफ-८ पण बॉम (सुरुवातीची अदृश्य खूण) नसलेली. स्क्रिप्ट असेल तर प्रत्येक ओळ यादीतला वेगळा स्ट्रिंग. डॉलर डिर, डॉलर पर्सिस्ट डिर, डॉलर व्हर्जन, डॉलर आर्किटेक्चर हे व्हेरिएबल स्क्रिप्टमध्ये तयार मिळतात, स्वतः पत्ते जुळवत बसू नका.

झिप नसून सेटअपचा एक्सईच मिळत असेल तर काय, हाही प्रश्न पुढे येणारच आहे. सेटअप चालवायचा नाही, फोडायचा. बरेच सेटअप हे आतून एक प्रकारची झिपच असतात. युआरएलच्या शेवटी हॅशचं चिन्ह, तिरकी रेघ आणि डीएल.७झेड असं लावलं की स्कूप उतरवलेल्या फाइलीला ते नाव देतं आणि ७-झिपने उघडतं. स्कूपचं स्वतःचं गिटचं पॅकेज असंच, पोर्टेबल गिटचा आपोआप उघडणारा एक्सई घेऊन त्याच्या मागे हे शेपूट. एनएसआयएसने (सेटअप बनवायचं एक टूल, इनो सेटअप हे दुसरं) बनवलेला सेटअप असा फोडला की डॉलरने सुरू होणारी प्लगइन्सडिर वगैरे फोल्डरं आणि अनइन्स्टॉलरचा एक्सई उरतो, ती प्री इन्स्टॉलमध्ये पुसून टाकायची. इनो सेटअपने बनवलेला असेल तर ७-झिप चालत नाही, इनोसेटअप ही की ट्रू करा, मग इनोअनप नावाचं टूल वापरलं जातं. एमएसआय स्कूप स्वतःच उघडतं. सेटअप कशाने बनवलाय ते फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये किंवा ७-झिपने उघडून बघितलं की बहुतेक वेळा कळतं.

फोडता येत नसेल, किंवा आत ड्रायव्हर, विंडोज सर्व्हिस असलं काही असेल, तर तो प्रोग्राम स्कूपचं गिऱ्हाईकच नाही, तिथे ॲडमिन राइट्स लागणारच आणि ते आयटीकडूनच करून घ्या. व्हिज्युअल सीच्या रनटाइमचंही (बऱ्याच प्रोग्रामना चालायला लागणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या डीएलएल फाइलींचंही) तसंच. त्याचं पॅकेज एक्स्ट्राज बकेटमध्ये आहे, पण ते मायक्रोसॉफ्टचा सेटअप चालवतं आणि ॲडमिन मागतं. तुमचं टूल व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल सापडत नाही म्हणत असेल तर डिपेंड्समध्ये (आधी काय टाकायला हवं ते सांगणारी की) ते पॅकेज टाकून उपयोग नाही, टूल बनवणाऱ्यांना सांगा की त्या डीएलएल झिपमध्ये एक्सईशेजारी घालून द्या, मायक्रोसॉफ्ट तशी वाटायला परवानगी देतं.

आता तीस मशीनचा प्रश्न. जेसन फाइल पेनड्राइव्हवर फिरवू नका, बकेट करा. बकेट म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, एक गिट रिपॉझिटरी (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सामायिक फोल्डर म्हणा), तिच्यात बकेट नावाचं फोल्डर, त्यात तुमच्या जेसन. स्कूपवाल्यांनी गिटहबवर बकेट टेम्पलेट नावाची तयार रिपॉझिटरी ठेवलीय, ती उचला, आत तपासणीच्या स्क्रिप्टही मिळतात. ऑफिसात स्वतःचा गिट सर्व्हर असेल तर तिथेच ठेवा. प्रत्येक मशीनवर एकदा बकेट ॲड करायचं, त्यानंतर स्कूप अपडेट म्हटलं की नवीन मॅनिफेस्ट आपोआप खाली येतात. मशीनवर गिट हवं, ते स्कूपनेच टाका. टूलचं नाव मेन बकेटमधल्या कशाशी जुळत असेल तर इन्स्टॉल करताना बकेटचं नाव आणि तिरकी रेघ आधी लावा, किंवा सरळ ऑफिसच्या नावाचा प्रत्यय लावून टाका, पुढचा गोंधळ वाचतो.

प्रोग्राम चालू असेल तर स्कूप त्याचं अपडेट करत नाही, आधी बंद करा म्हणतं. म्हणून टास्क शेड्यूलरमध्ये दुपारी तीनला अपडेट लावलंत तर तुमचं रिपोर्ट टूल कधीच अपडेट होणार नाही कारण ते दिवसभर उघडंच असतं. लॉगिनच्या वेळी लावा.

चेकव्हर आणि ऑटोअपडेट ही जोडी लोक आधी टाळतात आणि नंतर पस्तावतात. चेकव्हर सांगतं नवं व्हर्जन आलंय का हे कुठे बघायचं, एखादं पान आणि रेगेक्स (मजकुरातून आकडा शोधायचा नमुना), किंवा जेसनमधला पत्ता, किंवा गिटहबवर रिलीज होत असेल तर नुसतं गिटहब. ऑटोअपडेटमध्ये युआरएलचा साचा, व्हर्जनच्या जागी डॉलर व्हर्जन. घरच्या टूलसाठी आम्ही झिपशेजारी एक टेक्स्ट फाइल ठेवतो, तिच्यात फक्त ताजा आकडा, चेकव्हर तीच वाचतं. मग बिन फोल्डरातली चेकव्हरची स्क्रिप्ट अपडेटच्या पर्यायासह चालवली की नवीन व्हर्जन, नवीन पत्ता, नवीन हॅश सगळं मॅनिफेस्टमध्ये लिहून देते, आपण फक्त कमिट (बदल नोंदवणं) आणि पुश (सर्व्हरवर चढवणं). गिटहबवर बकेट असेल तर हेच काम एक्सकॅव्हेटर नावाची ॲक्शन ठरलेल्या वेळी आपोआप करते.

फक्त हे लक्षात घ्या की हॅश कुठून घ्यायचा ते ऑटोअपडेटमध्ये दिलं नाही तर स्क्रिप्ट नवी फाइल उतरवून तिचाच हॅश काढते. म्हणजे चोराच्या हातच्या पावतीवर चोराचीच सही. बनवणारा हॅशची फाइल वेगळी देत असेल तर तिचा पत्ता द्या, आणि बाहेरच्या प्रोग्रामचं कमिट एकदा डोळ्यांखालून घालून मगच पुश करा. आणखी एक, मॅनिफेस्टमध्ये फक्त पत्ता असतो, प्रोग्राम नसतो, त्यामुळे लायसन्सचा प्रश्न सहसा येत नाही. पण तुम्ही बाहेरच्या झिप लॅनच्या सर्व्हरवर साठवून वाटायला लागलात की ते वाटप झालं, तिथे लायसन्स वाचाच.

जुन्या व्हर्जनवरच अडकलेला एखादा प्रोग्राम असतोच प्रत्येक ऑफिसात. त्याला होल्ड करता येतं, म्हणजे अपडेटपासून रोखता येतं, पण होल्ड त्या त्या मशीनवर असतं, नवीन मशीनला कोण लक्षात ठेवणार. त्यापेक्षा नावातच आकडा घालून वेगळं मॅनिफेस्ट बनवा आणि त्यात चेकव्हर घालूच नका.

फॉन्टचीही पॅकेजं होतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आमच्याकडे रिपोर्ट मराठीत निघतात, कुणाच्या मशीनवर मुक्ता आहे कुणाच्या नाही, एकाच पीडीएफची दोन ध्यानं. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा मुक्ता आणि टिरो टाइपवर्क्सचा टिरो देवनागरी मराठी (यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत) हे दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, त्यांचं पॅकेज केलं. विंडोज १० च्या १८०९ पासून, म्हणजे बिल्ड १७७६३ पासून, ॲडमिन नसतानाही यूजरपुरता फॉन्ट टाकता येतो. फाइल ॲपडेटामधल्या लोकलमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स या फोल्डरात कॉपी करायची आणि यूजरच्या रेजिस्ट्रीतल्या फॉन्ट्सच्या कीमध्ये नाव आणि पूर्ण पत्ता नोंदवायचा. स्क्रिप्ट शून्यातून लिहू नका, नर्ड फॉन्ट्स बकेटमधलं कुठलंही मॅनिफेस्ट उघडा, बिल्डच्या तपासणीसकट सगळं तयार आहे. काढताना वर्ड उघडं असेल तर फॉन्टची फाइल लॉक असते, तेही त्यांनी हाताळलंय.

मग स्कूपच का, याच कामाची विनगेट, चॉकलेटी, पोर्टेबलॲप्स आहेत की, असं कोणी म्हणेल. पोर्टेबलॲप्सचं पॅकेज पेनड्राइव्हसाठी फार विचारपूर्वक केलेलं असतं पण प्रत्येकासाठी लाँचर आणि ठरलेली फोल्डररचना करावी लागते. चॉकलेटीला साधारणपणे ॲडमिन लागतो. विनगेट विंडोजबरोबरच येतं खरं, पण ते मुख्यतः बनवणाऱ्याचा सेटअपच चालवतं. स्कूप २०१३ पासूनचं, ल्यूक सॅम्पसनने सुरू केलेलं, सगळं पॉवरशेलमध्ये, काही अडलं तर त्याचा कोड उघडून वाचता येतो, आणि खरं सांगायचं तर मी डॉक्युमेंटेशनपेक्षा कोड वाचूनच शिकलो. पण स्कूपला पेनड्राइव्हवर नेऊ नका, निदान ती एफएटी ३२ किंवा एक्सफॅटची असेल तर नाहीच, तिथे जंक्शन आणि हार्ड लिंक होतच नाहीत. आणि तुमच्या आयटीने यूजरच्या फोल्डरातून एक्सई चालवायलाच बंदी केली असेल तर यातलं काहीच चालणार नाही, पळवाट शोधू नका, त्यांच्याशी बोला.

शेवटचं, टेस्टिंग. तुम्ही जिथे फसलात ते इन्स्टॉल नव्हतं, अपडेट होतं, मग टेस्टही अपडेटचीच पाहिजे. विंडोज प्रो असेल तर विंडोज सँडबॉक्समध्ये (विंडोजच्या आतलं तात्पुरतं कोरं विंडोज) करा, बंद केलं की सगळं पुसलं जातं. होम असेल तर जुना लॅपटॉप नाहीतर दुसरं यूजर अकाउंट. बकेटची एक वेगळी ब्रँच नाहीतर वेगळी चाचणी रिपॉझिटरी घ्या. तिच्यात पर्सिस्ट घातलेलं १.४ चं मॅनिफेस्ट ठेवून टूल टाका, उघडा, प्रिंटरचं नाव बदला, कॉलमची रुंदी बदला, बंद करा. पर्सिस्टमधली फाइल उघडून बघा, आत नव्या सेटिंग दिसल्या पाहिजेत, जुन्याच दिसत असतील तर हार्ड लिंक तुटलीये. मग १.५ पुश करा, अपडेट मारा, परत उघडा, प्रिंटर आणि कॉलम बघा. मग अजून एकदा, १.५ वरून १.५.१, कारण प्री अनइन्स्टॉलच्या चुका दुसऱ्या अपडेटलाच बाहेर येतात. मग क्लीनअप मारा आणि पुन्हा उघडून बघा. मग अनइन्स्टॉल करून परत टाका, सेटिंग परत आल्या पाहिजेत, कारण अनइन्स्टॉलमध्ये पर्सिस्ट राहतं, पर्जचा पर्याय दिला तरच जातं, तो कोणाला सांगूही नका. एवढं झालं की आधी स्वतःच्या मशीनवर आठवडाभर वापरा, मग अकाउंट्सच्या त्या एका माणसाच्या मशीनवर जो प्रत्येक गोष्टीत खोट काढतो, आणि त्याने दोन दिवस फोन केला नाही तर उरलेल्या अठ्ठावीस मशीनवर सोडा.